खाडीत बीज सोडण्याआधी ते कुठल्या पाण्यातलं, हे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात मी राहते. कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. माहेर आणि सासर दोन्ही खाडीवरचं, त्यामुळे तिसऱ्या, मुळे, कालवं, शिणाणे या शिंपल्यांची ओळख पुस्तकांच्या कितीतरी आधीची. सध्या आमच्याकडे एक मागणी जोर धरते आहे: खाडीतले शिंपले कमी झाले, तेव्हा केरळातून शिणाण्यांचं आणि तिसऱ्यांचं बीज, म्हणजे नखाएवढी पिल्लं, आणून इथे सोडावं, म्हणजे दोन-तीन वर्षांत खाडी पुन्हा भरेल. गावच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांनी हात वर केले. मी केला नाही. का केला नाही ते तिथे पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. छापताना काटछाट करावी लागली तर कृपया शेवटचा भाग ठेवा, करायच्या गोष्टी तिथे आहेत.

मागणीमागची अडचण खरी आहे, हे आधी सांगते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुडघाभर पाण्यात वाकून, चिखलात बोटं घालून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची पाटी आता अर्धीही भरत नाही. बाजारात वाटा लहान झाला, भाव चढला, तरी घरी येणारा पैसा वाढला नाही. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या मासेमारीवर पुष्कळ लिहिलं जातं; या बायकांची कमाई क्वचितच कुठल्या नोंदीत दिसते. 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे. हाताने वेचणाऱ्यांना तो नियमही लागू नाही आणि त्यासोबतचा विचारही नाही. खाडीवर पैसा खर्च होणार असेल तर तो यांच्यासाठीच व्हावा, असं माझं ठाम मत आहे. आणि म्हणूनच तो भलत्या बीजावर जाऊ नये.

'शिंपला तो शिंपला, केरळचा काय नि रत्नागिरीचा काय, समुद्र एकच' हे बैठकीतलं वाक्य. ऐकायला पटतं, कारण त्यात अर्धं सत्य आहे. शिणाणा कातळाला चिवट धाग्यांनी स्वतःला एकदा बांधून घेतो, मग फारसा हलत नाही. तिसरी वाळूमिश्रित चिखलात वीतभर सरकते, एवढंच. पण यांची पिल्लं प्रवास करतात. नर-मादी अंडी आणि शुक्रबीजं थेट पाण्यात सोडतात. एका मादीची अंडी लाखांच्या हिशेबात असतात. त्यातून डोळ्यांना न दिसणारा लार्वा होतो आणि तो पाण्याबरोबर वाहत राहतो. शिणाण्याच्या बाबतीत हा काळ साधारण दोन ते तीन आठवड्यांचा. मग जागा सापडली तर बसायचं, नाहीतर मरायचं. म्हणजे आपल्या खाडीतल्या कातळावर आज बसलेलं बीज आपल्याच शिणाण्यांचं असेल, असं काही नाही.

मग ते कुणाचं? याचं उत्तर किनाऱ्यालगतच्या प्रवाहात शोधावं लागतं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा प्रवाह वर्षानुवर्षं मोजला आहे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, तो दक्षिणेकडे वाहतो. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, उलटा फिरून उत्तरेकडे. सेकंदाला 10 सेंटिमीटर असा संथ वेग धरला तरी दिवसाला साडेआठ किलोमीटरच्या वर अंतर कापलं जातं, आणि 15 दिवसांत सुमारे 130 किलोमीटर. पावसाळ्यात जयगडच्या मुखातून निघालेला लार्वा तेवढ्यात मालवणच्या जवळ जाऊ शकतो. आता यात गंमतीची गोष्ट अशी की केरळच्या किनाऱ्यावर शिणाणे मुख्यतः पावसाळ्यात अंडी सोडतात, तर केरळातल्याच अष्टमुडी खाडीच्या तिसऱ्यांना डिसेंबर ते फेब्रुवारीत अभय दिलं जातं, कारण त्यांचा हंगाम हिवाळ्याकडचा. म्हणजे एकाच खाडीतल्या दोन शिंपल्यांची पिल्लं दोन उलट दिशांना जाऊ शकतात. एकाची आई-बापांची जागा उत्तरेला शोधावी लागेल, दुसऱ्याची दक्षिणेला.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात लार्वा म्हणजे पाण्यावर तरंगणारा भुसा नव्हे. कालवांचे आणि खेकड्यांचे लार्वा भरतीच्या पाण्यात वर येतात आणि ओहोटीला खाली तळाशी जातात, त्यामुळे खाडीचं पाणी बाहेर गेलं तरी ते आतच राहतात किंवा पुन्हा आत येतात, हे अनेक ठिकाणी पाहिलेलं आहे. जिथे असं होतं तिथे खाडी आपलं बरंचसं बीज स्वतःच पुरवते. जिथे होत नाही तिथे ते शेजारच्या खाडीतून येतं. कुठे किती, हे नजरेने कळत नाही. जनुकांवरून कळतं. दोन जागांच्या शिंपल्यांत ये-जा भरपूर असेल तर त्यांच्या जनुकांची रूपं सारख्या प्रमाणात सापडतात. ये-जा तुटलेली असेल तर पिढ्यांमागून पिढ्या प्रमाणं वेगळी होत जातात. जनुकांच्या या ये-जेलाच जनुकप्रवाह म्हणतात.

आणि जनुकप्रवाह भरपूर असला तरी प्रश्न संपत नाही. याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडचं आहे. समुद्रातून आत गेलेलं हे लांबट पाणी. बाहेर पूर्ण खारट, आत नद्यांमुळे खारटपणा कमी. आपल्या शिणाण्यांचा भाऊबंद असलेला निळा शिंपला, मायटिलस, तिथे दोन्हीकडे आहे. रिचर्ड कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये त्याच्या एका एन्झाइमचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याचा खारटपणा बदलला की शिंपला आपल्या पेशींतल्या अमिनो आम्लांचा साठा कमी-जास्त करून तग धरतो. त्या कामातलं हे एन्झाइम. त्याच्या जनुकाचं एक विशिष्ट रूप बाहेरच्या समुद्रात 100 पैकी सुमारे 55 वेळा सापडलं, आत साउंडमध्ये फक्त 15 च्या आसपास. मधलं अंतर काही दहा किलोमीटरांचं, लार्व्याला सहज पार होणारं. मग फरक टिकतो कसा? त्यांनी नुकतं बसलेलं बीज तपासलं. आत बसलेल्या कोवळ्या शिंपल्यांत ते रूप बाहेरच्याइतकंच होतं, कारण ते बाहेरूनच आलेले होते. पुढच्या काही महिन्यांत ते रूप असलेले शिंपले जास्त मेले, आणि उरलेल्यांचं प्रमाण आतल्या जुन्या शिंपल्यांइतकं खाली आलं. ते रूप असलेल्या शिंपल्याला कमी खारट पाण्यात नायट्रोजन फुकट घालवावा लागतो. शरद ऋतूत अन्न कमी पडलं की तो टिकत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बाहेरून नवे आले, पुन्हा तेच घडलं.

हे वाचून मी पहिल्यांदा दाभोळच्या खाडीचा विचार केला. कोयनेच्या वीजनिर्मितीतून सुटणारं पाणी 1962 पासून पश्चिमेला वळून वाशिष्ठीत, म्हणजे या खाडीला मिळणाऱ्या नदीत, येतं. त्यामुळे इतर नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही वाशिष्ठीत गोडं पाणी वाहत असतं. भाट्याच्या खाडीत, जिथे काजळी नदी मिळते, एप्रिल-मेमध्ये गोडं पाणी नावालाच उरतं. पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा, प्रत्येकाचं पाणी वेगळं, तळ वेगळा. पावसाळ्याचे चार महिने तर कोकणातल्या खाड्या वरच्या अंगाला गोड्या होतात; तिसरी कवच घट्ट मिटून दिवस काढते. जी तग धरते तिचीच पुढची पिढी. असे कित्येक पावसाळे काढलेल्या शिंपल्यांच्या जागी दुसरीकडच्या पाण्यात वाढलेलं बीज ओतायचं, तर निदान दोघांच्या पाण्याचा खारटपणा महिन्यागणिक लिहिलेला एक तक्ता हातात हवा. आमच्या बैठकीत तो कोणाकडेही नव्हता.

भात लावणाऱ्या कोणालाही ही गोष्ट सांगावी लागत नाही. वरकस जमिनीत लवकर पिकणारं हळवं, मळ्यात उशिरा पिकणारं गरवं. दोन्ही भातंच आहेत म्हणून गरव्याचं बी कोणी वरकसात टाकत नाही.

'बरं, नाही टिकलं तर पैसे वाया जातील, आणखी काय होईल?' असं मला विचारलं गेलं. याहून वाईट म्हणजे ते थोडंसं टिकणं आणि इथल्या शिंपल्यांत मिसळणं. कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर, लाटांचे शिंतोडे साचून झालेल्या डबक्यांत, टायग्रिओपस नावाचा लालसर, मिलिमीटरभराचा कोपेपॉड, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला जीव, राहतो. एका खडकावरच्या डबक्यांतून दुसऱ्या खडकावर तो फारसा जात नाही, मध्ये नुसती पुळण असली तरी. रोनाल्ड बर्टन यांनी काही दशकं याच प्राण्यावर काढली. वेगवेगळ्या खडकांवरचे नर-मादी प्रयोगशाळेत एकत्र आणले की पहिली पिढी छान निपजते, कधी कधी आई-बापांहूनही जोमदार. दुसऱ्या पिढीपासून घसरण सुरू होते: वाढ मंद, पिल्लं कमी, ताण सोसण्याची ताकद कमी. कारण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाची जनुकं आणि केंद्रकातली जनुकं एका जागी राहून एकमेकांशी जुळलेली असतात. मिसळणीत ती जोडी फुटते. मी हे मुद्दाम सांगते आहे. सरकारी योजनेचा अहवाल पहिल्या-दुसऱ्या वर्षी लिहिला जातो. पहिली पिढी बघून 'प्रयोग यशस्वी' असा शेरा पडेल, आणि नुकसान नंतर दिसेल.

कोपेपॉडची डबकी वेगळी आणि समुद्रात वाहणारे लार्वा वेगळे, हे मला मान्य आहे. शिंपल्यांत इतकी तुटातूट क्वचित असेल. पण लांब वाहणाऱ्या लार्व्यांमुळे सगळा किनारा एकजीव असतो, हा समज कालवांनीच मोडला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची कालवं कॅनडापासून टेक्ससपर्यंत पसरलेली. प्रथिनांवरून केलेल्या आधीच्या तपासणीत ती बहुतेक सारखी दिसली होती. 1990 मध्ये रीब आणि अवाइझ यांनी त्यांचा मायटोकाँड्रियातला, म्हणजे आईकडून येणारा, डीएनए तपासला, तेव्हा फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर स्पष्ट दुभंग सापडला. अटलांटिककडची कालवं आणि मेक्सिकोच्या आखाताकडची कालवं यांच्या आईकडच्या वंशरेषा लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या. पाण्यात भिंत नाही, लार्वा आठवडेच्या आठवडे तरंगतो, तरीही. पुढे केंद्रकातला डीएनए पाहिला तर त्यातही तो दुभंग दिसला. एकाच प्रकारच्या तपासणीवर 'सगळं सारखंच आहे' असा निष्कर्ष काढू नये, हे या प्रकरणातून मी मुलांना नेहमी सांगत आले.

ज्यांची पिल्लं वाहतच नाहीत, अशा प्राण्यांबद्दल थोडं. काही शंख-गोगलगायी खडकाला चिवट पिशव्यांत अंडी चिकटवतात आणि त्यातून रांगणारं पिल्लूच बाहेर येतं. युरोपच्या किनाऱ्यावरचा नुसेला हा असा शंख. बोटींच्या तळाला लावायच्या रंगातल्या ट्रायब्युटिलटिन या विषामुळे त्याच्या माद्यांत नराचे अवयव वाढू लागले, अंडी अडली आणि कित्येक जागी तो नामशेष झाला. ब्रिटनने 1987 मध्ये लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घातली, जगभरची बंदी 2008 मध्ये लागू झाली. पाणी सुधारलं, पण बाजूला पडलेल्या जागी नुसेला सावकाश परतला, कारण त्याच्याकडे वाहून येणारं पिल्लू नाही. म्हणून 'जनुकीय नकाशा' एकच काढून भागत नाही. तिसरीचा वेगळा, शिणाण्याचा वेगळा, शंखाचा वेगळा.

आता बीजाबरोबर येणाऱ्या बाकीच्या जिवांचं. यात तर्काला जागाच नाही, घडलेली गोष्ट आहे. मायटिलॉप्सिस नावाचा मध्य अमेरिकेकडचा छोटा शिंपला 1967 मध्ये विशाखापट्टणम बंदरात दिसला, पुढे मुंबईच्या गोदीतही पोचला. तोच 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बोटींच्या धक्क्यांत आढळला, तेव्हा तिथल्या सरकारने तीन धक्के बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं आणि तो संपवला. धक्के दारं लावून बंद करता येत होते म्हणून जमलं. आपली खाडी बंद करता येत नाही. केरळचं उदाहरण ताजं आहे. उष्ण कटिबंधातल्या अमेरिकी किनाऱ्यावरचा मायटेला हा काळपट शिंपला 2018-19 च्या सुमारास कोची आणि अष्टमुडीच्या बॅकवॉटरमध्ये सापडला. बघता बघता त्याने शिणाणे वाढवायच्या दोऱ्या आणि खांब व्यापले. हिरवे शिणाणे मागे हटले. ज्या राज्यातून बीज आणायचं म्हणतो आहोत, तिथल्या लोकांची ही आजची डोकेदुखी आहे. नखाएवढ्या बीजात हिरवं कुठलं आणि मायटेला कुठलं, हे पोतं उतरवून घेणाऱ्याला ओळखता येईल का? परदेशी व्हेनामी कोळंबीचे बीजासाठी लागणारे नर-मादी आपण 2009 पासून रोगमुक्त साठ्यातूनच आणतो आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रात तपासल्याशिवाय पुढे सोडत नाही. हा शहाणपणा देशात आहे. तो शिंपल्यांनाही लागू करा, एवढंच म्हणणं. खेकड्याचं बीज तामिळनाडूतल्या हॅचरीतून पश्चिम किनाऱ्यावर येतं, त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. कांदळवनातली खेकडे पाळायची जाळी उधाणात फाटते हे आम्ही पाहिलेलं आहे.

एक विद्यार्थी, आता स्वतः मत्स्यव्यवसायात असलेला, मला म्हणाला, 'मॅडम, निसर्ग जुळवून घेतो.' घेतो, खरं आहे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर 1988 मध्ये विषारी शैवालाने छोट्या खडकांवरच्या लिटोरिना गोगलगायी मारल्या. केर्स्टिन योहानेसन यांनी 1992 मध्ये त्यातल्या एका मोकळ्या खडकावर सुमारे 700 गोगलगायी सोडल्या, पण त्या लाटांच्या जागेतल्या नव्हेत, खेकड्यांच्या जागेतल्या: जाड कवचाच्या, मोठ्या. खडकावर खेकडे नव्हते, लाटा होत्या. तीसेक वर्षांत त्यांच्या वंशजांचं कवच पातळ आणि आकार लहान होऊन त्या पूर्वीच्या लाटांतल्या गोगलगायींसारख्या झाल्या. 2024 मध्ये हे प्रसिद्ध झालं. मला हा प्रयोग फार आवडतो. पण त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, हा बदल शक्य झाला कारण लागणारी जनुकं सोडलेल्या गोगलगायींत थोड्या प्रमाणात आधीच होती, आणि शेजारच्या खडकांवरूनही थोडी आली. म्हणजे जवळपासची विविधता शाबूत होती. दुसरी, तीस वर्षं. आमच्या पाट्या तीस वर्षं रिकाम्या ठेवता येणार नाहीत.

तर काय करावं?

आधी, पुढच्या हंगामात बीज आणण्याचा बेत थांबवून तो पैसा नमुन्यांवर खर्च करावा. काम अवघड नाही. जयगड ते आचऱ्यापर्यंतच्या खाड्यांतून, प्रत्येकीच्या मुखाशी आणि आतल्या अंगाला, एकेका जातीचे 30 ते 50 शिंपले घ्यायचे. कवच उघडून ते मिटणाऱ्या स्नायूचा किंवा पायाचा तांदळाएवढा तुकडा कापायचा आणि 95 टक्के अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत टाकायचा. चिठ्ठी पेन्सिलने लिहून आत सोडायची. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते आणि मग सगळी मेहनत पाण्यात. स्नायूच घ्यायचा, पोटातला मऊ भाग नको: शिणाण्यांच्या कुळात आणि काही तिसऱ्यांच्या कुळातही नराच्या प्रजननग्रंथीत बापाकडून आलेला मायटोकाँड्रिया असतो, बाकी अंगात आईकडचा. हे ध्यानात ठेवलं नाही तर एकाच खाडीत दोन वंश असल्याचा भास होतो. कात्री प्रत्येक शिंपल्यानंतर पुसून ज्योतीवर धरायची. बारावीची मुलं हे व्यवस्थित करतात. पुढच्या, डीएनए वाचण्याच्या कामाला रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दोनापावल्याला समुद्रविज्ञान संस्था आहे, कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. मायटोकाँड्रियाचं एक जनुक आणि केंद्रकातल्या डीएनएवरचे शेकडो बिंदू, दोन्ही तपासले जावेत. फ्लोरिडाच्या कालवांनी शिकवलेलं ते हेच. सोबत त्याच जागांचा खारटपणा दर पंधरवड्याला, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा, पावसाळ्यासकट मोजावा. त्यासाठी लागणारं उपकरण हातात मावतं आणि महाग नाही. वेचणाऱ्या बायकांच्या गटाला ते द्या, शिकवा, आणि या कामाची मजुरी द्या. पाण्यात त्या तशाही उतरतात, आणि कुठल्या वळणावर कधी गोडं लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

दुसरं, आई-बापांच्या जागा राखा. कुठल्या खाडीतून कुठे बीज जातं ते कळलं की काही जागा अशा निघतील ज्यांच्यावर दोन-चार खाड्या अवलंबून आहेत. त्या जागा दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या ग्रामपंचायतीत असतील. पूर्णगडच्या बायकांनी वेचणं थांबवलं आणि फायदा विजयदुर्गला झाला, असंही निघेल. तेव्हा थांबणाऱ्यांना भरपाई द्यायची तयारी आधीच ठेवावी. अष्टमुडीत तिसऱ्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी पाळतात, बारीक तिसरी खाली पडावी म्हणून जाळ्याचं छिद्र 30 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, आणि 2014 मध्ये त्या मासेमारीला एमएससीचं, म्हणजे मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं, जपून केलेल्या मासेमारीला दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. केरळातून आणायचंच असेल तर बीजाऐवजी ही शिस्त आणावी. महिने मात्र इथल्या शिंपल्यांची अंडी तपासून ठरवावेत. तिथलं वेळापत्रक इथे चिकटवू नये.

तिसरं, 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते. आमच्या नोंदवहीत आंबा-फणसाच्या जाती आहेत, औषधी वनस्पती आहेत. खाडीतल्या शिंपल्यांच्या जागा, त्यांचा तळ, कुठल्या महिन्यात बीज दिसतं, कुठली जागा कधी ओस पडली, हे त्यात लिहिलं गेलं पाहिजे. म्हाताऱ्या बायका आहेत तोवर लिहा. नोंद असेल तर उद्या कोणी परक्या बीजाचं पोतं घेऊन आला तेव्हा जैवविविधता समितीला 'आधी कागद दाखवा' असं म्हणायला आधार राहील.

आणि एवढं सगळं करून, तपासणीत असं निघालं की अमुक खाडीला बाहेरून बीज येतच नाही आणि तिथले आई-बाप संपले आहेत, तर मी स्वतः बीज सोडण्याच्या बाजूने उभी राहीन. मात्र ते त्याच प्रवाहातल्या, तशाच खारट पाण्यातल्या जवळच्या खाडीचं असावं, एक-दोन नव्हे तर पुष्कळ जोड्यांपासून झालेलं असावं, आणि सोडण्याआधी वेगळ्या टाकीत ठेवून तपासलेलं असावं.

वेळ थोडा आहे. पाऊस ओसरला की कातळावर शिणाण्यांचं नवं बीज दिसायला लागतं, आणि त्याच सुमारास योजनांचे अर्जही मागवले जातात. नव्याने बसलेलं बीज आणि शेजारचे जुने शिणाणे, दोघांचे नमुने तेव्हाच घेतले तरच बाहेरून काय आलं आणि पुढे काय टिकलं याची तुलना करता येईल. हिवाळ्यात घेतले तर मरायचे ते मरून गेलेले असतात. माझ्या जुन्या महाविद्यालयातली मुलं आणि आमच्या वाडीतल्या बायका तयार आहेत. बाटल्या, अल्कोहोल आणि खारटपणा मोजायची उपकरणं गणपतीच्या आधी मिळावीत, एवढी व्यवस्था मत्स्यव्यवसाय विभागाने करावी.

आपली,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
ता. जि. रत्नागिरी